दमावर ठेवलेल्या शेवया

आमच्या घरात घाईनं काही शिजत नसे. गॅस आला तरी अम्मानं त्याची ज्योत कधी मोठी केली नाही. पातेलं चढवायचं, त्यावर ताटली, ताटलीत पाणी, आणि मग निवांत दुसऱ्या कामाला लागायचं. मटण असो नाहीतर साधी मसूर, तिच्या हिशेबी ज्याला वेळ दिला नाही ते अन्नच नव्हे. पाहुणा आला आणि त्याच्यापुढे झटपट काही ठेवलं, तर तिला तो त्या माणसाचा अपमान वाटायचा. दौंडला स्टेशनाच्या मागं आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. मालगाडी गेली की मांडणीवरच्या ताटल्या थरथरायच्या, इंजिनं इकडून तिकडं डबे ढकलताना शिट्ट्या द्यायची, आणि कोणती गाडी किती उशिरा येणार हे लाउडस्पीकरवरची बाई आम्हाला घरबसल्या ऐकवायची. अशा गावात माणसाला थांबायची सवय लागते. आमच्याकडे अन्नालाही ती होती.

त्याचं कारण अब्बांची शिफ्ट. ते कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर होते. शिफ्ट बदलली की घरातल्या जेवणाच्या वेळा बदलायच्या, आणि जेवण झाकणाखाली त्यांची वाट बघत बसायचं. अब्बा जेवले की भाई, मग मी, आणि आमचं सगळ्यांचं झालं की अम्मा भिंतीला पाठ टेकून पातेल्याशीच बसायची. तळाला राहिलेलं भाकरीनं पुसून खायची. यात काही वावगं आहे असं आम्हाला कुणालाच वाटत नव्हतं, तिलाही नाही. शेजारच्या शिंदे मावशींच्या घरी तेच, गावाकडे चुलत्यांच्या घरी तेच.

अब्बा मूळचे कवठे येमाईचे. जमीन चुलत्यांनी सांभाळली आणि अब्बा कंपनीत लागले, पण बोली शेवटपर्यंत गावचीच राहिली. अम्मा शिरूरची. तिच्या माहेरची माणसं आली की घरात दखनी सुरू व्हायची, ती गेली की पुन्हा मराठी. अब्बा तसे कमी बोलणारे, पण बॉयलरचा विषय निघाला की त्यांना थांबवणं अवघड. तिथला एक नियम त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितला होता की मला तो कलम्यासारखा पाठ होता: बदलीचा माणूस आल्याशिवाय ज्योत सोडायची नाही. एका ईदला त्यांची बदली आलीच नाही. नमाज गेली, शीरखुर्म्यावर साय धरली, आणि अब्बा दुपार कलल्यावर काळ्याठिक्कर कपड्यांनी घरी आले. अम्मा चिडली होती. अब्बा म्हणाले, "अल्लाला ठावं हाय मी कुठं हुतो. बॉयलर सोडून आलो असतो तर त्यालाच जाब द्यावा लागला असता." आणि शीरखुर्मा गरम करून घेतला.

माझा भाऊ इक्बाल, म्हणजे आमचा भाई, माझ्याहून बराच मोठा. त्यानं आयटीआय केलं, आणि मग कुणाला न विचारता पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलात कामाला लागला. सुट्टीच्या दिवशी सकाळच्या गाडीनं यायचा, संध्याकाळच्या गाडीनं परत. कपड्यांना लसणाचा वास असायचा. त्या काळी आमच्या गावात 'हॉटेलात आहे' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे फडका आणि चहाचे कप यायचे, म्हणून अब्बा नुसतंच 'पुण्यात असतो' म्हणून सांगायचे. तिथल्या मुदपाकखान्यात थायलंडकडचं जेवण करणारा एक वेगळा भाग होता. कांदा चिरून चिरून भाई अखेर त्या भागात पोहोचला होता. थायलंड कुठं आहे हे मी शाळेच्या नकाशात शोधून अम्माला दाखवलं. तिनं मक्का कुठं आहे ते विचारलं, दोन्हींमधलं अंतर पाहिलं आणि नकाशा परत दिला.

अशात कंपनीनं जुन्या कामगारांच्या मुलांना घ्यायचं ठरवलं. अब्बांनी साहेबांकडे शब्द टाकला. आयुष्यात त्यांनी कुणाकडे शब्द टाकलेला आम्हाला माहीत नव्हता. साहेब हो म्हणाले, सोमवारी पहिल्या शिफ्टला पोराला घेऊन ये म्हणाले. भाईला निरोप गेला आणि तो गुरुवारी पिशवी घेऊन आला. अब्बांना वाटलं कायमचा आला. तो पाणी प्यायला, भांडं खाली ठेवलं आणि म्हणाला, "अब्बा, मी कंपनीत न्हाई यायचा."

अब्बांनी आवाज चढवला नाही. त्यांचा आवाज चढत नसे, त्यामुळेच घाबरायला व्हायचं. "मग काय करणार?"

"आता कुठं मला कढईवर घ्यायला लागल्यात. शिकू द्या."

"कढईवर," अब्बा म्हणाले. "मी लोकांना काय सांगू? आयटीआय झालेलं पोरगं शेवया परतायला गेलं?"

अम्मा अशा वेळी मध्ये पडत नसे. त्या दिवशी मात्र तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि तव्याकडंच बघत म्हणाली, "तुम्ही एकदा त्याच्या हातचं खावा. मग न्हाई म्हणा. न खाताच न्हाई म्हणू नका."

अब्बांना हा मुद्दा पटला असावा. ते न्यायाचे पक्के होते. उद्या जुम्मा, सुट्टी आहे, नमाजेनंतर खातो, म्हणाले. "पण खाऊन माझं मन बदललं न्हाई, तर सोमवारी माझ्या मागं निमूट यायचं. कबूल?" भाई कबूल म्हणाला. एका जेवणावर त्याचा सगळा जन्म ठरणार होता, आणि ते जेवण काय असणार हे घरात त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

भाईच्या पिशवीतून तांदळाच्या चपट्या, पांढऱ्या शेवयांची दोन पुडकी निघाली आणि काळपट पाण्याची एक बाटली. बाकी सगळं घरात आहे, म्हणाला. आम्हाला ते खोटं वाटलं. परक्या मुलखातलं खाणं, ते आमच्या डब्यांत कुठून असणार? पण त्यानं एकेक काढत नेलं. कवठ्याहून आलेली चिंच, गुऱ्हाळाचा गूळ, शेंगदाणे, लसूण, सुकी मिरची, कांद्याची पात, अंडी, आणि फडक्यात गच्च बांधून त्यावर पाटा ठेवलेले मूग. मुगाला त्यानं गुरुवारी कबूल म्हणताच कोमट पाणी घातलं होतं. शुक्रवारी फडकं सोडलं तेव्हा अम्मा म्हणाली, "हे मोड हायेत का शेपट्या?" बाजारातून आणलेली सुकटही त्यानं मागून घेतली. चिंच-गुळाचं आंबटगोड तर आमच्या आमटीतही असायचं. अम्मानं बाटलीचं बूच काढून वास घेतला आणि पदर नाकाला लावला.

"हे हलाल तरी हाय का?"

"मासळी आन् मीठ. दुसरं काय न्हाई त्यात."

"मग असा वास का मारतंय?" असं म्हणून तिनं बाटली मोरीवरच्या फळीवर नेऊन ठेवली. भाईनं ती परत आणली. असं दोनदा झालं.

आज दौंडच्या दुकानात ह्या शेवया मिळतात. चटणीचं तयार पाकीट मिळतं, त्यावर आग ओकणाऱ्या कढईचं चित्र असतं. माझी नात फोनवर बघून हा पदार्थ करते आणि मला शिकवायला येते. मी शिकून घेते. शेवया किती भिजवायच्या ते मात्र तिनं विचारल्याशिवाय मी सांगत नाही. बोटाभोवती गुंडाळली जावी, पण चावली तर कचकन लागावी, एवढीच. उरलेली मऊ ती कढईत होते. हे भाईनं मला त्या शुक्रवारी दाखवलं आणि त्यात आजतागायत बदल करायची गरज पडलेली नाही.

तर त्या दिवशी भाईनं सगळं वाट्यांत काढून ओळीनं मांडलं. पदार्थ व्हायला वेळच लागत नाही, तयारीला लागतो, म्हणाला. शिंदे मावशी भिंतीवरून डोकावत होत्या. "इक्बाल, आले बघ तुझे अब्बा नाक्यावर," असं त्यांनी सांगितलं तसं भाईनं कढई चढवली. अब्बा हातपाय धुऊन दस्तरखानावर बसेपर्यंत ताट समोर जाणार, असा त्याचा हिशेब होता. पण नाक्यावर अब्बांना कंपनीतले दोघं भेटले. पोरगं लागलं म्हणे, असं म्हणून ते अब्बांचा हात हातात घेऊन उभे राहिले. इकडं शेवया तयार झाल्या. भाई गॅस बंद करून अब्बांना बोलवायला धावला. आता मोठी माणसं बोलत असताना मुलानं मध्ये बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तो शेजारी जाऊन हात बांधून उभा राहिला, आणि ते दोघं त्याचंच कौतुक करत राहिले.

घरात अम्मा एकटी कढईपाशी होती. मी दस्तरखान अंथरत होते. निवायला लागलेलं अन्न तिला बघवत नसे. तिनं शेवया पातेल्यात काढल्या, वरून पाण्याचा हबका मारला, घट्ट झाकण लावलं, कडेला कणीक लावली, खाली तवा सरकवला आणि गॅस पुन्हा पेटवून बारीक केला. मुलाच्या भवितव्यासाठी तिला जे करता येत होतं ते सगळं तिनं मनापासून केलं.

अब्बा आले, बसले. अम्मानं कणीक फोडून झाकण काढलं तेव्हा आत एक तांबूस गोळा होता. तिनं तो पळीनं कापून वाढला. भाई दारातच थांबला होता. त्यानं पातेल्याच्या कडेची कणीक पाहिली आणि त्याला काय ते कळलं. अब्बांनी बिस्मिल्ला म्हणून एक घास घेतला, मग दुसरा. अन्नाला नावं ठेवायची नाहीत, हाही त्यांचा एक नियम होता.

"मऊ हाय," ते म्हणाले. "दात पडलेल्या माणसाला चांगलं हाय." मग पाणी प्यायले. "सोमवारी सकाळी तयार राहा."

अम्माला तोवर उमगलं होतं. ती म्हणाली, "हे असं न्हवतं. मी दम दिला. माझ्यामुळं बिघडलं."

"दम दिल्यानं बिघडतं, ते अन्न कसलं मग?"

तेव्हा भाई आत आला आणि अब्बांपुढे बसला. "अब्बा, एक विचारू? बॉयलरची वाफ तुम्ही उद्यासाठी झाकून ठेवता का?"

"वाफ ठेवता येत न्हाई. झाली की लायनीला सोडायची."

"ह्याचं बी तसंच हाय. झालं की खायचं. ह्याला थांबता येत न्हाई."

अब्बांचा घास हातातच राहिला. त्यांच्याशी कुणी त्यांच्या कामाच्या भाषेत बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते, बहुतेक तेही. घरात आम्ही बॉयलरच्या गोष्टी ऐकायचो आणि मान हलवायचो, एवढंच. त्यांनी घास खाल्ला, ताटातलं सगळं संपवलं, हात धुतला आणि म्हणाले, "दुसरं पुडकं हाय न्हवं? भिजीव."

शेवया भिजेपर्यंत ते स्वयंपाकाच्या ओट्यापाशी गेले, गॅस मोठा केला आणि वाकून ज्योत बघितली. "ह्याच्यावर केलंस? ह्याच्यावर दूध तापतं." मग माळ्यावरून जुना पितळी स्टो उतरवला. गॅस आल्यापासून तो तसाच पडून होता. त्यांनी तो मागच्या अंगणात नेला, पिन मारली, रॉकेल भरलं, काकडा पेटवून बर्नर तापवला आणि पंप मारायला बसले. जुम्म्याचे पांढरे कपडे, डोक्यावर टोपी तशीच. आधी पिवळी भडकलेली ज्योत हळूहळू निळी झाली आणि स्टो असा घोंघावायला लागला की शिंदे मावशी पुन्हा भिंतीपाशी आल्या. "प्रेशर मी बघतो," अब्बा म्हणाले. "तू तुझं कर."

भाईनं कढई ठेवली. एका वेळी एकाच ताटाचं घालायचं, जास्त घातलं की कढई थंड पडते, असं तो मला सांगत होता. म्हणजे मला सांगत होता आणि अब्बांना ऐकवत होता. कढईतून धूर निघाला तसं तेल, लसूण, सुकट. मग निथळलेल्या शेवया, त्यावर चिंचगुळाचा कोळ आणि त्या बाटलीतले चार थेंब. चर्र झालं आणि तो काहीतरी मेल्यासारखा वास कुठल्या कुठं गेला. शेवया बाजूला सारून अंडं फोडलं, ते उलथण्यानं मोडलं, सगळं एकत्र केलं, शेपट्यांचे मूग आणि पात टाकून दोनदा उडवलं आणि उतरवलं. वरून शेंगदाण्याचं जाडसर कूट, लिंबाची फोड. मी अजून मागची वाटी बाजूला ठेवत होते तोवर ताट तयार होतं. भाईनं ते अब्बांपुढे धरलं.

अब्बांची नजर ज्योतीवर होती. "तुझ्या आईला दे," ते म्हणाले.

अम्मा मागं सरली. "आधी तुम्ही. मी मागनं खाईन." तिचा हात सवयीनं झाकणाकडे गेला. ते मी आधीच उचलून मांडीखाली घेतलं होतं.

"मी ज्योतीवर हाय. माझी बदली न्हाई आली," अब्बा म्हणाले. "आन् ते थांबत न्हाई म्हणतोय ह्यो. बस तू."

अम्मा उंबऱ्यावर बसली. ताट मांडीवर घेतलं. समोर नवरा स्टोला पंप मारतोय, मुलगा उभा आहे, मुलगी बघतेय, भिंतीवर शेजारीण आहे आणि आपण खातोय, ह्या गोष्टीनं ती इतकी अवघडली की पहिला घास तिनं पदराआड घेतला. शेवयांतून वाफ निघत होती. तिनं तोंड उघडं ठेवून फुंकर घातली, कारण तोंड भाजलं होतं. गरम अन्नाची तिला सवयच नव्हती. हे मला त्या क्षणी दिसलं आणि फार वाईट वाटलं. दुसरा घास तिनं पदराबाहेर घेतला.

भाई माझं ताट करायला लागला होता. शेवया कढईत पडल्या तेव्हा अब्बा, स्टोकडेच बघत, म्हणाले, "सोमवारी साहेबांना मी सांगतो. पोरगं येत न्हाई म्हणून."

भाईचं उलथणं थांबलं.

"हात थांबवू नको," अब्बा म्हणाले. "जळंल."

नाक्यावर हात हातात घेतलेल्या माणसांना अब्बांना पुढं काय काय सांगावं लागलं, ते त्यांनी घरात कधी काढलं नाही. मला आपलं वाटायचं की चवीनं ते बदलले असतील. पण त्यांनी अजून चव घेतलीच कुठं होती? कंपनीतून निवृत्त झाल्यावर एकदा मी विचारलं. तेव्हा म्हणाले, "चवीतलं मला काय कळतंय? मी त्याची नजर बघत हुतो. जाळावरनं हालली न्हाई. मी बोललो तवा हालली, तेवढीच." आता अब्बा नाहीत, अम्मा नाही. भाईचा उजवा खांदा जन्मभर कढई उचलून कामातून गेलाय, तो दौंडला माझ्याकडे आला की मी करते आणि तो खुर्चीवरून चुका काढतो.

त्या दिवशी माझं ताट झालं, मी तिथंच उभ्यानं खाल्लं. मग भांड्यात शेवटच्या भिजलेल्या शेवया उरल्या, त्या अब्बांच्या. भाईनं कढई पुसून पुन्हा ठेवली. अम्माचं ताट रिकामं झालं होतं. बोटानं तिनं कूटही गोळा करून खाल्लं होतं. ती उठेल आणि मोरीकडं जाईल असं मला वाटलं. ती उठली नाही. लिंबाची साल ताटात इकडून तिकडं सरकवत राहिली, आणि मग भाईकडे न बघता हळूच म्हणाली, "अजून हाय का रं थोडं?"

अम्मानं स्वतःसाठी काही मागितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. भाईनं भांड्यातल्या शेवयांकडे पाहिलं, मग अब्बांकडे. अब्बांनी स्टोला पंप मारला, ज्योत निळी झाली आहे ना ते बघितलं आणि म्हणाले, "घाल."